कोऱ्या कागदावरचे बीजाणू

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली आणि डब्यातल्या आळंब्या पायऱ्यांवरून घरंगळत गेल्या. प्रयोगशाळेत सगळे जिला लाडानं ‘छत्री’ म्हणत, ती गुडघ्यांवर बसून एकेक गोळा करू लागली. धडकलेला तरुणही बसला.

“माफ करा हं... यातली खायची कुठली?”

“एकही नाही. तुम्ही कोण?”

“तुमचा नवा चित्रकार,” तो हसला. छत्रीचा राग निम्मा उतरला. निम्माच!

पंधरा दिवसांत त्यानं तिच्या लाडक्या आळंबीची वीस चित्रं काढली. ही वेगळ्याच प्रजातीची आहे, वेगळ्या घराण्याची म्हणा ना, असं छत्री तीन वर्षं जीव तोडून सांगत होती. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर मात्र त्या आळंबीला जुन्याच प्रजातीत घालायला बसले होते. फैसला बीजाणूंच्या रंगावर होता. तपकिरी निघाले तर सर खरे, पांढरे निघाले तर छत्री.

त्या आळंबीची शेवटची ताजी टोपी तिनं काल कागदावर ठेवली, बीजाणू खाली झडावेत म्हणून वर वाडगं पालथं घातलं. काळा कागद संपला होता, म्हणून चित्रकाराकडचा पांढरा घेतला. आज टोपी उचलून बघते तर कागद कोरा! चार वाजता सरांना दाखवणार काय? ती खिडकीशी जाऊन गुपचूप डोळे पुसत राहिली.

परतली तर चित्रकार त्याच कागदावर पेन्सिल चालवत होता.

“अहो, नमुन्याचा कागद आहे तो!”

“कोरा दिसला म्हणून...” तो कानापर्यंत लाल झाला.

तिनं कागद हिसकावला. कोपऱ्यात तीच होती, खिडकीशी उभी. नीट बघायला तिनं कागद उजेडात तिरका धरला... आणि मधोमध पांढऱ्या भुकटीच्या बारीक रेघांचं चाक चमकलं.

“पांढरे! पांढऱ्या कागदावर दिसणार कसे? अक्कल गहाण ठेवली होती मी!” छत्री हसत होती आणि डोळे पुन्हा वाहत होते.

मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं. हाच कागद सरांपुढे जायचा होता, आणि नंतर कायमचा संग्रहात. चित्रकारानं घाईघाईनं रबर काढलं.

“पुसतो हं... सर काय म्हणतील?”

तिनं त्याचं मनगट धरलं. “रबर फिरवलंत तर बीजाणू उडतील.”

“आणि बीजाणू नसते तर?”

तिनं मनगट सोडलं नाही.

“तरी नसतं पुसू दिलं,” ती म्हणाली.