अठ्ठावीस पायऱ्या

बीअर ठेवा खाली. उद्या तुम्ही त्या मधल्या पायऱ्यांशी परांची बांधणार, म्हणून सांगतो. गोष्ट माझी नव्हे, आपल्या लाडिस्लावची. टेकडीवरच्या मठातलं चुन्याचं नक्षीकाम तो माझ्याच हाताखाली शिकला.

२०१८, तेरा सप्टेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी यात्रा. रात्री सव्वाअकराला लाडिस्लाव मठाच्या ओवऱ्यांत आला. दिवसभर वरच्या देवघरात काम केलं आणि फोन तिथंच राहिला. त्याची लेक हाना प्रागला दवाखान्यात. मूल आडवं आलेलं. जावई फोन करणार होता.

राखण करणाऱ्या आल्झ्बेताबाईंनी दार उघडलं.

"डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही विसरला असतास! बाजूच्या जिन्याची किल्ली फादर गावात घेऊन गेलेत. मधल्या पायऱ्यांनी जा. पण गुडघ्यांवर."

"मावशी, अठ्ठावीस पायऱ्या? उजाडेल मला!"

"उजाडू दे. महामारीतून वाचलेल्यांनी नवस फेडायला बांधल्यात त्या. तीनशे वर्षं सगळे गुडघ्यांवरच चढतात, कुणी त्यांवर पाऊल ठेवलेलं नाही. पायरीगणिक एक प्रार्थना म्हणायची."

बॅटरी देऊन त्या झोपायला गेल्या. लाडिस्लाव गुडघ्यांवर बसला. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर असताना वर फोन वाजला.

तो उठला आणि बुटांसकट धावत सुटला.

वर पोचेस्तोवर फोन बंद. त्यानं उलट लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला...

खाली ठक् झालं.

मग पुटपुट. मग पुन्हा ठक्. लाकडी पायरीवर गुडघा टेकावा तसं.

"मावशी?"

त्यानं बॅटरी मारली. पायऱ्या रिकाम्या. ठक्. आवाज चढत होता. घाई नाही. एकही पायरी चुकत नव्हती. लाडिस्लाव भिंतीला चिकटला. मोजू लागला. वीस. एकवीस...

सत्तावीस.

अठ्ठावीस.

त्याच्या बुटांपाशी कुणीतरी दमून श्वास सोडला.

फोन वाजला.

"बाबा, मुलगा! हाना बरी आहे. निळा पडला होता हो... डॉक्टरांनी हात टेकले होते. आत्ता, या मिनिटाला रडला!"

तिसऱ्या दिवशी लाडिस्लावनं नातू मांडीवर घेतला, दुपटं सोडलं आणि नर्सला हाक मारली. ती म्हणाली, "जन्मतःच आहेत. आम्हालाही कळत नाही."

मी स्वतः हात लावून पाहिलंय. पोराच्या दोन्ही गुडघ्यांवर घट्टे होते. कडक, जुने, वर्षानुवर्षांचे.