कडी काढल्याची ओळ

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य मी लिहिलं की केजमधले लोक हसतात. मी बत्तीस वर्षं एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं, त्यामुळे माझ्या खऱ्यावरही लोक हसतात आणि खोट्यावरही. तुम्हीही हसा. पण शेवटपर्यंत वाचा.

भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्र लागते. माझ्याकडे ती नाही. माझ्याकडे आहे गेल्या नोव्हेंबरातली एक मंगळवारची दुपार. साडेबाराची वेळ. जागा, पाटोद्याच्या पुढे डोंगरातली अकरा घरांची एक वस्ती. ऊन एवढं, की भूत असतं तर टोपी घालून आलं असतं.

सदर बंद झाल्यावर मी रहस्यकथा लिहायला घेतली. बायको जानकीबाई म्हणाली, "अहो, या वयात माणसं जपमाळ घेतात. तुम्ही खून करायला निघालात."

लिहिण्याची माझी एक सवय आहे. कच्च्या खर्ड्यात मी माणसांची खरी नावं ठेवतो. खरं नाव असलं की माणूस कानात बोलतो. पुस्तक छापायला जायच्या आधी सगळी नावं बदलायची. तहसील कचेरीच्या मागे दिपालीचं टायपिंगचं दुकान आहे. ती संगणकावर एका फटक्यात नावं बदलून देते.

आणि खुन्याला मी माझंच नाव देतो. भगवानराव. म्हणजे खर्डा चुकून कुणाच्या हाती लागला, तर राग कुणाला यायला नको.

कादंबरीतला खून असा. ऊसतोडीला गेलेली रिकामी वस्ती. मागे राहिलेली एक म्हातारी. एका घरात ती मेलेली सापडते. दाराला बाहेरून कडी.

खून कागदावर जमला होता. पण बाहेरून घातलेली कडी आतून निघते का, हे मला माहीत नव्हतं. वाचक फार संशयी असतात. म्हणून मी आदिनाथची भाड्याची जीप सांगितली आणि वस्तीवर गेलो.

अकरापैकी दहा घरांना कुलूप.

अकरावं घर साखराबाईचं.

सत्तरीची बाई. कमरेला दहा किल्ल्यांचा जुडगा. उसाला जाताना सगळे किल्ल्या तिच्याकडे देऊन जातात. तिनं रोज एकेक घर उघडायचं, झाडायचं, सांजेला दिवा लावायचा.

"गुडघे गेले म्हून मला ठिवून गेली," ती म्हणाली. "पर एकबी घर अंधारात ठिवलं न्हाई मी."

मी पुस्तकाचं सांगितलं. ती हरखली.

"माझं नाव घालताल का त्यात?"

मी म्हटलं, नाव बदलावं लागतं.

"कावून? चांगलं हाय की माझं नाव. येवढ्या वर्सात कुठं लिव्हलं न्हाई कुणी. रेशनकार्डावर हाय, ते बी सासऱ्यानं सांगितलेलं दुसरंच."

मी म्हटलं, "बरं, घालतो."

पुस्तकात तिचं काय होतं, ते सांगितलं नाही. यजमानीणबाईला असलं सांगत नाहीत.

मग मी तिला कडीचं विचारलं. ती उत्साहानं एका रिकाम्या घरात शिरली. मी दार ओढून बाहेरून कडी घातली. ती आतून फटीतून बोटं घालून खटपट करत होती. हसत होती.

"न्हाई निघत, बाबा! माझं बोट पुरंना!"

मी वहीत लिहिलं : आतून निघत नाही.

मग मी कडी काढली.

ती बाहेर आली. आम्ही ओट्यावर बसलो. तिनं गुळाचा कोरा चहा दिला. जरा गार होता. मी दोन किस्से सांगितले, ती पदर तोंडाला लावून हसली. निघताना म्हणाली, "या परत."

मी म्हटलं, "येतो."

इतकंच.

घरी आल्यावर हा सगळा प्रसंग मी जसाच्या तसा कादंबरीत घातला. कडी, हसणं, चहा. खुनी आधी गमतीत कडी घालून पाहतो, काढतो, आणि मग काही दिवसांनी परत येतो. प्रकरण फक्कड झालं.

जानेवारीत दिपालीनं पहिलं प्रूफ दिलं.

पान उघडलं आणि...

साखराबाई. भगवानराव. साखराबाई. भगवानराव.

"अगं, नावं बदल म्हटलं होतं ना?"

"काका, बदललीत की! हे बघा." तिनं पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर तुळसाबाई होती. दामोदर होता. सगळीकडे.

कागदावर नव्हते.

मला पहिला संशय दिपालीचा आला. पोरगी चेष्टेखोर आहे. दुसरा प्रकाशकाचा. तिसरा, ज्यांची मी सदरात टर उडवली त्या सगळ्यांचा, आणि ती यादी मोठी आहे. जानकीबाईचाही आला. तिला विचारलं तर म्हणाली, "मला तुमचं नाव बदलायचं असतं तर चाळीस वर्षांपूर्वीच बदललं असतं."

दुसऱ्या प्रूफाला मी स्वतः दुकानात स्टूल टाकून बसलो. प्रिंटरमधून येणारं प्रत्येक पान हातात घेऊन पाहिलं.

पहिली एकशे बेचाळीस पानं ठीक. तुळसाबाई, दामोदर.

मग एकशे त्रेचाळीसावं आलं.

‘भगवानरावानं बाहेरून कडी घातली.’

तिथून पुढं भगवानराव. तिथून पुढं साखराबाई.

आणि त्याच पानावर, खाली... एक ओळ कोरी.

मधेच. पांढरी. वर ‘न्हाई निघत, बाबा!’ खाली ‘त्यानं गुळाचा चहा घेतला.’

गेलेली ओळ मला पाठ होती. ‘मग त्यानं कडी काढली.’

दिपालीनं ती पुन्हा टाईप केली. पडद्यावर दिसली. पान काढलं... कोरी.

तिनं तिसऱ्यांदा काढलं. कोरी.

दिपाली हसायची थांबली. "काका," ती हळू म्हणाली, "हे मी करत न्हाई बरं का."

मग माझा तिच्यावरचा संशय गेला.

तो दुसऱ्या कुणावर तरी बसायला जागा शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी मी आदिनाथला बोलावलं. एक लुगडं, दोन किलो साखर, चहापत्ती घेतली. साखराबाईला भेटायचं, एवढंच विचारायचं. बाई, मी कडी काढली होती ना?

असला प्रश्न सत्तर किलोमीटर जाऊन विचारणारा माणूस केज तालुक्यात मी एकटाच असेन.

दुपारी बाराला पोचलो.

वस्तीत आवाज नव्हता. कोंबडी नाही. शेळी नाही. अंगणं झाडलेली नव्हती.

अकराही घरांना कुलूप.

हाका मारल्या. तेवढ्यात माळावरून एक मेंढपाळ उतरत आला. म्हाळू नाव. त्याचा मेंढ्यांचा वाडा तिथंच खाली होता.

"कुणाला हुडकताय, बाबा?"

"साखराबाईला."

त्यानं काठी जमिनीवर टेकवली. "ती गेली की."

"कुठं?"

"वर गेली. दोन म्हैने झाले."

माझ्या हातात साखरेची पिशवी होती. ती मी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"कशानं?"

"काय म्हाईत. मला घावली ती. बेस्तरवारी." त्यानं एका दाराकडे बोट केलं. "त्या घरात. भायेरून कडी."

मी त्या दाराकडे पाहिलं.

तेच होतं.

"लोक म्हनले, वाऱ्यानं लागली आसंल." म्हाळू माझ्याकडे रोखून बघत होता. "तुमी सांगा, शिकल्यालं मानूस हायसा. वारा कडी लावतो व्हय?"

मी साखरेची पिशवी खाली ठेवली.

"त्याच्या आधी मंगळवारी दुपारी हितं एक पांढरी जीप आलती. मी माळावरून बघितली. ल्येकाला तिच्या सांगितलं बी मी."

त्यानं आमच्या जीपकडे पाहिलं. जीप पांढरी होती.

आदिनाथ खाकरला. "केजात पांढऱ्या जीपा लई हायती, बे."

"म्या केजचं नाव कुठं घेतलं?" म्हाळू म्हणाला.

बत्तीस वर्षं मी लोकांना हसवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कुणी असं बघत होतं. आणि मला त्याचा राग येत नव्हता. मीही स्वतःकडे तसंच बघत होतो.

मी म्हाळूला सांगितलं. मीच आलो होतो. कडी घातली होती. आणि काढलीही होती. ती बाहेर आली, तिनं चहा दिला.

"च्या?" म्हाळू म्हणाला. "तिच्या घरात त्या आठवड्यात चूल पेटली न्हवती. तिच्या घरात जळणच न्हवतं. ती माझ्याकडं येऊन खायाची. मंगळवारी आलीच न्हाई."

त्यानं मला स्वतःचा आणि तिच्या पोराचा नंबर दिला. सिदू. कारखान्यावर उसाच्या टोळीत.

जीप परतीला लागली.

मग मी म्हटलं, "आदिनाथ, तू तर होतास. ती बाहेर आलेली तू पाहिलीस."

तो रस्त्याकडे बघत राहिला.

"अण्णा, मी बाभळीखाली जीपमदी व्हतो."

"तिथून ओटा दिसतो."

"दिसतो."

"मग?"

"तुमी दिसला. एकलेच बसलते. हसत व्हता, हातवारे करत व्हता. मला वाटलं फोनवर हायसा."

"आणि चहा?"

त्यानं गिअर बदलला. गरज नसताना.

"हात तोंडाकडं न्हेत व्हता तुमी. हातात काय व्हतं, ते मला न्हाई दिसलं."

घरी आलो. हात धुतले. सिदूला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं. काय बोलावं, ते ठरवलं होतं. ते सगळं विसरलो.

तोच म्हणाला, "तुमीच का ते पुस्तकवाले?"

"तुला कसं माहीत?"

"आई बोलली की. मंगळवारी सांजच्याला फोन आलता तिचा. लई खूश व्हती. म्हनली, पाव्हणा आलता, लई हसवलं. माझं नाव पुस्तकात घालतो म्हनला."

माझ्या छातीवरचा दगड खाली उतरला. संध्याकाळी फोन केला. म्हणजे दुपारी बाहेर आली. म्हणजे मी कडी काढली. मी खुर्चीत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

"आणखी काय म्हणाली रे?"



"म्हनली, हितं अंधार लई हाय."

"मग?"

"मी म्हनलं, दिवा लाव की मग. तर म्हनली, पाव्हणा येतो म्हनलाय परत. कडी काढाया." ट्रॅक्टरचा आवाज दूर गेला. "म्हातारं मानूस, काय बी बोलतं, म्हून मी ठिवला फोन. ठिवाया नको व्हता, न्हाई का ओ?"



नंतर म्हाळूला फोन केला. फक्त एकच विचारलं, तिचा मोबाईल कुठं सापडला होता.

"सापडायचा कुठनं? माझ्याकडंच व्हता. सोमवारपासनं. वस्तीत लाईट न्हवती म्हून माझ्या सोलारवर चार्जिंगला दिलता तिनं. बंद व्हता, बाबा. मी चालूच केला न्हाई."

सिदूच्या फोनमध्ये त्या मंगळवारचा तो कॉल अजून आहे. आईचं नाव. सहा वाजून दहा मिनिटं. त्यानं मला फोटो पाठवला. मी तो दहा वेळा मोठा करून पाहिला.

मी कडी काढली होती. त्या लोखंडाचा चटका मला बोटांना आठवतो. ऊन होतं, कडी तापली होती. पण घालतानाही ती तेवढीच तापलेली असणार. आठवतोय तो चटका घालतानाचा की काढतानाचा, हे बोटं सांगत नाहीत.

सिदूला मी सगळं सांगितलं. तो रागावला नाही. मला ते जास्त जड गेलं. तो फक्त म्हणाला, "नाव तेवढं ऱ्हाऊ द्या तिचं."

दिपालीला सांगितलं, साखराबाई तशीच ठेव. पहिल्या पानापासून.

"आणि भगवानराव?"

"तोही."

"काका, मग खुनी तुम्ही होता."

"असू दे."

त्यानंतरच्या प्रूफात सगळी पानं पडद्यावर दिसत होती तशीच आली. एकही नाव इकडचं तिकडे नाही.

फक्त एकशे त्रेचाळीसाव्या पानावरची ती ओळ नाही.

प्रकाशकाचा रोज फोन येत होता. शेवटी दिपाली म्हणाली, "काका, तेवढी ओळ तुम्ही हातानं लिहून द्या. मी स्कॅन करून बसवते."

तिनं पान समोर ठेवलं. पेनाचं टोपण काढून दिलं. दुपारची वेळ होती. बाहेर तहसीलच्या फाटकाशी माणसांचा गलका होता.

मी ‘मग त्यानं’ एवढं लिहिलं...

आणि पुढचे दोन शब्द लिहिता येईनात. हात थरथरला वगैरे नाही. हात ठणठणीत होता. पण मला खरंच माहीत नव्हतं, त्यानं काय केलं.

 दिपालीनं माझ्या हाताखालून पान अलगद ओढून घेतलं.

पुस्तक पुढच्या महिन्यात येतंय. त्या पानावर ‘मग त्यानं’ एवढंच आहे. वाचकांनी ती छपाईची चूक समजावी.