पाणी चढलं, आकडा नाही

गावाला आधी सांगून पवित्रा तामांगने बटण दाबलं. भोंगा दरीभर किंचाळला. म्हणजे भोंगा ठणठणीत होता. मग परवा पूर आला तेव्हा तो गप्प का राहिला?

त्या पुराने म्हाताऱ्या जगत माझीला म्हशींसकट नेलं. भोंग्याच्या खोलीत तेव्हा पहाऱ्याची पाळी होती त्याच्याच सुनेची, कुसुमची. ती झोपली होती असं म्हणून इंजिनियर पौडेलने तिला त्याच दिवशी घरी बसवलं. गावानेही मान डोलावली. सासू तर तिच्या हातचं पाणीही घेईना. जिल्ह्याहून चौकशीला आलेल्या पवित्राला ही घाई खटकली. तिने कुसुमला भोंग्याच्या खोलीत बोलावून घेतलं.

"झोपली होतीस, बहिनी?"

"नाही, दिदी. पडद्याकडेच बघत होते. पाण्याचा आकडा लाल झाला की भोंगा वाजवायचा. झालाच नाही."

"हलत तरी होता?"

कुसुम आठवू लागली. "नाही. पण इथे पाऊसच नव्हता. वाटलं, नदी शांत आहे. सासऱ्यांना मीच म्हटलं, पाणी कमी आहे, म्हशी खुशाल न्या."

पौडेल तिथेच चहा ढोसत बसला होता. "वरच्या धारेवरचं पाणी मोजायचं यंत्र मी स्वतः तपासलंय, मॅडम. घड्याळ बरोबर, बॅटरी नवीकोरी."

"बॅटरी कधी बदललीत?"

"असार महिन्याच्या तीन तारखेला. मीच चढलो होतो वर."

"बॅटरी काढली की यंत्र तारीख विसरतं. ती कोणी घातली?"

"मीच."

"एकदाच?"

"म्हणजे?" पौडेलचा पेला हातातच राहिला.

पवित्राने खोलीतला संगणक उघडला. वरून आलेले आकडे तारखेसकट पडद्यावर सरकू लागले. एका ओळीवर तिने बोट ठेवलं. तिथे साल होतं २०८२.

"हे तर आपलं साल," कुसुम पुटपुटली.

"आपलंच, विक्रम संवताचं. पण यंत्र इंग्रजी साल मोजतं, आणि त्याच्या हिशेबाने हे सत्तावन्न वर्षं पुढचं. सरांनी सवयीने आपली तारीख घातली. तेवढ्यात यंत्राने एक आकडा पाठवला, पाणी कमी असल्याचा. मग सरांनी चूक सुधारली, म्हणून आज घड्याळ बरोबर आहे. पण तो आकडा इथे पोचला होता. ज्याची तारीख सगळ्यांत पुढची, तोच आकडा संगणक ताजा धरतो आणि पडद्यावर दाखवतो. पुराचे खरे आकडे आले, ते त्याने शिळे म्हणून बाजूला टाकले."

"चूक कुणाच्याही हातून होते," पौडेल म्हणाला.

"होते. पण पूर ओसरल्यावर तुम्ही ही ओळ उघडलीत. हे बघा, तुमचं नाव. पुसली नाहीत, कारण पुसल्याची खूण राहिली असती. त्यापेक्षा हिला झोपाळू ठरवणं सोपं गेलं."

"नोकरी गेली असती माझी..."

"माझा सासरा गेला, हजुर," कुसुम म्हणाली.

पवित्राने ओळ पुसली. पडद्यावरचा आकडा एकदम वर चढला आणि लाल झाला. नदी आजही चढत होती आणि संगणक तिला असार तीनपासून शांतच म्हणत होता.

कुसुमने कुणालाही न विचारता बटण दाबलं आणि खिडकीशी धावली. खाली काठावर सासू स्वतःची घागर स्वतः भरत होती.

"आमा! वर या!"

म्हातारीने भोंग्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. घागर तिथेच टाकून ती चढाला लागली. कुसुम धावत जाऊन तिला अर्ध्या वाटेत भेटली तेव्हा घागर वाहून गेली होती. म्हातारीने तिचा हात घट्ट धरला आणि रडत रडत विचारलं, "परवाही असाच वाजला असता, तर हेही वर आले असते ना गं?"