हौद्याखालची स्टेपनी

मर्ना लुंडक्विस्टने पिकअप आणली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ओरिन टॅकेट नुकताच जेवून उठला होता आणि दुकानाच्या सावलीत दात कोरत बसला होता. गाडी ओळखायला त्याला वेळ लागला नाही. रंग हिरवा, मागचा हौदा एका बाजूने चेपलेला, दारावर टपालाची पट्टी. मर्नाच्या नवऱ्याची, हॅरलची गाडी. ती पाहून त्याला आत निघून जावंसं वाटलं. तरी तो उठला, टोपी मागे सारली आणि हसला. एकसष्ट वर्षांत माणूस एवढं नाटक तर शिकतोच.

"मागच्या बंपरला स्टेपनी लावून दे," मर्ना उतरता उतरता म्हणाली. "बिजागरीवर दारासारखी उघडणारी. सोमवारपासून टपाल मी नेणार."

"तू? एकशे चाळीस मैल? त्या खारपटावरून?"

"मग कोण नेणार, तुझी मावशी?"

ओरिनला हसू आलं, पण ते ओठावरच राहिलं. मर्ना हसत नव्हती. हॅरल गेल्यापासूनच्या दहा महिन्यांत ती निम्मी झाली होती. गळ्याची हाडं वर आली होती आणि अंगात हॅरलचाच शर्ट होता, बाह्या दुमडलेला.

"मला गाडीखाली शिरायचं नाही, ओरिन," ती म्हणाली. "काहीही झालं तरी नाही."

का, ते ओरिनला ठाऊक होतं. या पिकअपची स्टेपनी हौद्याच्या खाली, साखळीला टांगलेली असते. मागून एक दांडा घालून फिरवला की साखळी सुटत जाते आणि चाक जमिनीवर येतं. सुटली तर. सेज वेल्स गावाच्या पुढे नेवाडाचं ते खारपट सुरू होतं, तिथल्या मिठाने साखळी गंजून अडकली, तर कुणाला तरी हातोडी घेऊन खाली शिरावं लागतं. गेल्या ऑगस्टमध्ये हॅरल शिरला होता. टायर फुटलेला, मागचं चाक जॅकवर उचललेलं, आणि तो पाठीवर झोपून साखळी ठोकत होता. खारपटाची जमीन वरून पापडीसारखी कडक आणि आत पिठासारखी असते. जॅक खचला. टपाल आलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी एक गुराखी शोधत गेला, तेव्हा हॅरल सापडला. डॉक्टर म्हणाला, चारच्या सुमाराला गेला असावा. गाव म्हणालं, हॅरलने घाई केली.

गावाचं म्हणणं ओरिनने खोडून काढलं नाही.

सेज वेल्समध्ये एक रीत आहे. मेकॅनिकच्या हातून गाडी खारपटावर जाणार असेल, तर त्याने स्टेपनी उतरवून जमिनीला टेकवायची, परत चढवायची, आणि मालकाच्या तोंडाकडे बघून सांगायचं, "उतरवून पाहिली." त्याची चिठ्ठी नसते, सही नसते. तो शब्द मिळाला की माणूस निर्धास्त निघतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ओरिनने हॅरलला हा शब्द दिला होता. पण स्टेपनी त्याने उतरवली नव्हती. पाठ धरली होती, ऊन मी म्हणत होतं. त्याने वाकून हातातल्या बॅटरीचा उजेड मारला, साखळी ठीक दिसली, झालं. हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि रोज पहाटे जाग आली की त्याला आधी हेच आठवायचं.

त्याने गाडी आत घेतली. वेल्डिंगआधी काढावी लागते म्हणून गाडीच्या बॅटरीची वायर काढली. बंपरचा डावा कोपरा कापला आणि तिथे जाड नळी बसवली, बिजागरीचा खांब उभा राहायला. हा खांब जराही कलता कामा नये. कलला तर उतारावर चाक लावलेला आडवा दांडा आपोआप उघडतो. त्याने दोन्ही बाजूंनी पाणसळ लावून पाहिली, परत पाहिली. एरवी तो काम भराभर उरकायचा, पण आज तो रेंगाळत काम करत होता.

मर्ना घरी गेली नाही. तिचं घर चार घरं सोडून होतं, तरी ती उपड्या पिंपावर थर्मास घेऊन बसून राहिली.

"अगं, जा की घरी. झालं की हाक मारतो."

"बसते."

"इथे धूर आहे, डोळे जातील."

"तुझे गेले नाहीत इतक्या वर्षांत. कर तू तुझं काम."

दुपार सरकत होती. वारा पडला होता. पत्रा तापून मधूनच कडकडायचा, तेवढाच आवाज. ओरिनने खांब जोडला, आडवा दांडा जोडला, दुसऱ्या टोकाला खिट्टी बसवली आणि तोंडावरची वेल्डिंगची काच वर करून घाम पुसला. तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं.

टक. टक. टक.

निवतं लोखंड आवाज करतं, त्याला तो सरावलेला होता. त्याने लक्ष दिलं नाही. पण आवाज थांबला, आणि तेवढाच वेळ गेल्यावर परत आला. टक, टक, टक. मग पुन्हा शांत. त्या शांततेत कुणीतरी धापा टाकत होतं… दमलेला माणूस हात खाली घेऊन दम खातो, तसं. ठोके हौद्याखालून येत होते. जळक्या लोखंडाच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, ओल्या मिठाचा, कुबट. खारपटाचा वास. ते खारपट तर इथून तीस मैलांवर होतं.

ओरिनच्या हातातला वेल्डिंगचा चिमटा खाली पडला.

"चार वाजले का?" मर्नाने विचारलं.

त्याने भिंतीकडे पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं. "हो."

"मग बरोबर."

टक. टक. टक.

"मर्ना… हे रोज होतं?"

"रोज. गाडी कुठेही असो. आधी ठोकतो. मग विचारतो."

"काय विचारतो?"

तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली. "आधी तुझं काम संपव," ती म्हणाली.

ओरिनने काम संपवलं. कसं, ते त्यालाच कळलं नाही. शेवटचा जोड त्याच्या आयुष्यातला सगळ्यात ओबडधोबड जोड होता, पण पक्का होता. दांड्यावर नवं चाक चढवलं, तिन्ही नट आवळले, खिट्टी लावली. मग रीतीप्रमाणे खिट्टी उघडली, नट काढले, चाक उतरवून जमिनीला टेकवलं आणि परत चढवलं. या सगळ्या वेळात त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, हौद्याच्या अंधारात, ते ठोकणं चालूच होतं. मर्नासमोर येऊन तो म्हणाला, "उतरवून पाहिली."

"ही पाहिलीस. दिसलं मला." ती उभी राहिली. "आणि गेल्या वर्षी?"

खालचे ठोके थांबले.

"गेल्या वर्षी पण," ओरिन म्हणाला.

"मीही त्याला हेच सांगते. म्हणते, ओरिनने शब्द दिलाय ना, मग पाहिलीच असेल. पण त्याचं समाधान होत नाही. परत विचारतो." तिने गाडीकडे बोट केलं. "आता तूच सांग त्याला."

"मर्ना, वाऱ्याने कुठेतरी पत्रा…"

"वारा कुठाय?"

ओरिनने दाराबाहेर पाहिलं; धूळ जागची हलत नव्हती.

"सोमवारी चार वाजता मी खारपटाच्या मधोमध असेन," ती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज फाटला. "एकटी. तो ठोकायला लागला की गाडी डगमगते, ओरिन. जॅकवर असल्यासारखी डगमगते. एकदा वळणावर माझ्या हातून सुटलीच होती. मी मरेन रे तिथे. आणि टपाल सोडलं तर खाऊ काय? तुझ्याशी त्याचं काय आहे मला माहीत नाही. पण तो तुझं नाव घेतो. जा खाली."

गाडी चारही चाकांवर उभी होती. तरी ओरिनने मागे टेकू म्हणून दोन लोखंडी घोड्या लावल्या, लाथ मारून पाहिल्या. चाळीस वर्षं तो गाड्यांखाली झोपला होता. आज पुठ्ठ्यावर पाठ टेकण्याआधी त्याने घोड्या परत एकदा हलवून पाहिल्या.

खाली कुणी नव्हतं. मोकळी जागा होती, जिथलं चाक त्या दिवशी कापून काढलं होतं, आणि वर गंजून गोळा झालेली साखळी. तिच्या कड्यांवर हातोडीचे चकचकीत ओरखडे होते. दहा महिन्यांपूर्वीचे नव्हते ते. आजचे होते. त्याच्या गालावर पांढरी भुकटी पडली, मग थोडी आणखी.

"उतरवून…"

आवाज कानाला लागून आला. तोंडात पीठ भरलेला माणूस बोलतो, तसा.

"उतरवून… पाहिलीस?"

"हो," ओरिन म्हणाला. जिभेला सवयच ती.

हौदा बोटभर खाली आला. घोड्या जागच्या जागी होत्या, तरी आला. लोखंड त्याच्या छातीला टेकलं. त्याने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, पण अर्धाच घेता आला.

"पाहिलीस…?"

"नाही!" तो ओरडला, पण घशातून नुसती कुजबुज निघाली. "नाही पाहिली, हॅरल. वरवर बॅटरी मारली… पाठ दुखत होती माझी. कंटाळा केला. नाही पाहिली रे…"

बराच वेळ काही झालं नाही. मग ती साखळी सुटायला लागली. हॅरलने जीव जाईपर्यंत ठोकूनही जी सुटली नव्हती, ती साखळी एकेक कडी करत, वंगण घातल्यासारखी बिनआवाज खाली आली आणि ओरिनच्या छातीवर वेटोळं होऊन पडली. छातीवरचं लोखंड वर उचललं गेलं. त्याच्या शेजारी कुणीतरी लांब सुस्कारा सोडला.

तो कसाबसा सरपटत बाहेर आला. मर्ना पाठमोरी उभी होती.

"पाठ दुखत होती," ती म्हणाली.

"मर्ना, मी…"

"ठोकणं थांबलं?"

"थांबलं."

तिने घोड्या स्वतः काढल्या, बॅटरीची वायर स्वतः जोडली. ओरिन बाजूला उभा राहून पाहत होता. तिने शिव्या द्याव्यात, पाना उचलून मारावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती चढली, गाडी सुरू केली आणि मागे घेत अंगणात आणली. दाराबाहेर पडताना गाडीचा मागचा भाग स्प्रिंगांवर सावकाश वर आला, जणू खाली लोंबकळणारा कुणी जड माणूस जमिनीला टेकला.

"हलकी झाली," मर्ना स्वतःशीच म्हणाली. आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. दहा महिन्यांत तिला रडताना गावाने पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून तिने गिअर टाकला आणि फाटकातून निघून गेली. नवं चाक मागे घट्ट होतं, तसूभरही हललं नाही.

ओरिन तिच्या मागोमाग फाटकापर्यंत चालत गेला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा राहिला. बरं झालं, असंच त्याला वाटत होतं. बाई वाचली. सोमवारी जाईल, येईल. आपलं काय व्हायचं ते होवो. चांगला उजेड होता अजून, साडेपाचसुद्धा झाले नसतील. परतायला वळला तेव्हा त्याचं लक्ष जमिनीकडे गेलं.

चाकांच्या दोन रेघा अंगणातून फाटकाबाहेर गेल्या होत्या. त्या दोन रेघांच्या मधोमध तिसरा पट्टा होता, रुंद, पोतं ओढत नेल्यावर उमटतो तसा. फाटकाशी आल्यावर, कुणी पकड सोडावी तसा, तो पट्टा संपला होता.

तिथून दुसरी खूण सुरू होत होती. धुळीत कोपरं रुतल्याचे खड्डे, एक डावा, एक उजवा, आणि त्यांच्या मागे बुटांच्या टोकांनी ओढलेल्या दोन बारीक रेषा. ती खूण बाहेर जात नव्हती. ओरिन उभा होता तिथे, त्याच्या बुटाला अगदी घासून ती मागे वळली होती आणि दुकानाकडे गेली होती.

तो तिच्या कडेकडेने चालत आला. दुकानात फरशीवर पांढरी भुकटी पडली होती. तेलाच्या डब्यांपाशी, वेल्डिंगच्या मशीनपाशी ती कुठेच रेंगाळली नव्हती. सरळ मागच्या खोलीत गेली होती, जिथे ओरिन राहायचा. दार त्याने दुपारी जेवून बाहेर येताना लावलं होतं. ते उघडं होतं.

खोलीत टेबल होतं, चूल होती आणि भिंतीला लावलेली लोखंडी खाट. पांढरी रेघ खाटेखाली शिरली होती. बाहेर येणारी खूण नव्हती.

वाकून पाहायला हवं होतं. ओरिन उंबऱ्यात उभा राहिला, उजेड होता तोवर उभाच राहिला, पण तो वाकला नाही.