लाल गाडी, निळी गाडी

"यूएसबीचं होल पुढे असलेलं मशीन आहे का?"

नूतनने मान वर केली. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता आणि त्याच्या हातातल्या तांदळाच्या पिशवीतून चक्क एक स्टिअरिंग डोकावत होतं.

बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या चुलतभावाच्या सायबर कॅफेत ती दुपारची एकटी बसायची. दोन हजार सातचा मे महिना होता. कुणी निकाल बघायला यायचं, कुणी चॅटिंगला... स्टिअरिंग घेऊन आलेला हा पहिलाच.

"गाडी कुठे लावली?" तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला — जरा उशिरानेच. "मी गाडी चालवत नाही," तो म्हणाला.

राजरत्न त्याचं नाव. राहायला अंबरनाथला, कामाला बदलापूरच्या एका पॅकिंग कंपनीत. पहिली पाळी सुटली की तो रोज यायचा, कोपऱ्यातल्या मशीनला स्टिअरिंग जोडायचा आणि एकच शर्यतीचा गेम लावायचा. त्यातही गाड्या फक्त दोन. एका माणसाच्या, बुटक्या, चारही चाकं उघडी. एक लाल, एक निळी. इंजिन सारखं, वजन सारखं. तो एकाच वळणावर आधी लाल न्यायचा, मग निळी, मग पुन्हा लाल, आणि वहीत काहीतरी लिहायचा.

आठव्या दिवशी नूतनने स्टूल ओढलं.

"रंग सोडला तर फरक काय हो यांच्यात?"

"लाल हट्टी आहे. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच नेते. निळी लगेच ऐकते. पण वळणात घाबरून ब्रेक मारला... की शेपूट फिरवते."

"मग मी कोणती?"

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "अजून अंदाज आला नाही."

"या वहीत नका लिहू म्हणजे झालं."

त्याने स्टिअरिंग तिच्यापुढे सरकवलं. तिने ते बसच्या दांड्यासारखं आवळून धरलं. "सैल... भाजलेला पापड उचलतो ना, तसं," तो म्हणाला. तिचं बोट सोडवताना त्याचं बोट क्षणभर तिथेच राहिलं, मग चटका बसल्यासारखं मागे गेलं. पंख्याची हवा गरमच होती, तरी नूतनच्या अंगावर शहारा आला.

"मला लाल आवडली," दोन फेऱ्या मारून ती म्हणाली. "'मी वळणार नाही' हे ती आधीच सांगते तरी. निळी शेवटपर्यंत गोड बोलते."

त्या दिवशी तो हसला. मोकळं हसला.

मग 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो येताना कोकम सरबताच्या दोन पिशव्या आणू लागला, तीन वाजले की ती पंख्याचं तोंड कोपऱ्याकडे वळवून ठेवू लागली. एकच गोष्ट तिला खटकायची. दिवसाच्या शेवटी तो निळी गाडी मुद्दाम त्या वळणावर फिरवायचा. गाडी डाव्या कुशीवर भिंतीला आदळायची आणि हा तसाच बसून राहायचा, पडद्याकडे बघत.

"ब्रेक मारायचा नाही हे तुला माहीत आहे," एकदा ती म्हणाली. "मग का मारतोस?"

त्याने स्टिअरिंग सोडलं.

"मी मारला होता," तो म्हणाला. "जांभूळ गावच्या वळणावर. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात. मुकेशची, माझ्या मित्राची व्हॅन घेतली होती. रस्ता ओला... मी जोरात होतो. मध्येच घाबरलो. डावी बाजू पुलाच्या कठड्यावर गेली. डावीकडे आनंदा बसला होता. माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा."

नूतनचा हात सरबतावरच थांबला.

"सगळ्यांना सांगितलं, टायर घासलेले होते. टायर नवे होते, नूतन. आई अजून मुकेशला शाप देते. त्याने वस्ती सोडली." त्याने वही मिटली. "ब्रेक न मारता शंभरदा बघितलं. निळी निघते. दर वेळी निघते."

'गेम आहे रे, खरं थोडंच...' हे तिच्या ओठांवर आलं होतं. त्यालाही तेच ऐकायचं असावं. पण तिला ते बोलवेना.

"चूक तुझीच होती," ती हळूच म्हणाली. "आणि टायरचं खोटं त्याहून मोठं."

त्याने मान खाली घातली. तिने त्याचा हात धरला — दार उघडं होतं तरी. "मी कुठे जात नाहीये. पण तुला जावं लागेल. आईकडे... मी येते सोबत."

रविवारी दोघं अंबरनाथला गेली. त्याची आई, भागीरथीबाई, मेथी निवडत बसली होती. राजरत्नने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती रडली नाही. निवडलेली पानं आणि देठं तिने एकत्रच करून टाकली.

"दोन वर्षं त्या पोराचं वाटोळं मागत होते मी," ती म्हणाली. "आधी त्याच्याकडे जा. मग मला तोंड दाखव." मग नूतनकडे वळली. "तू कुणाची गं?"

"जांभूळच्या भोईरांची."

"भोईरांची असून आमच्या घरात बसलीस, तुझ्या घरी माहीत आहे?"

"...नाही."

"मग तूही खोटंच बोलतेस, पोरी."

नूतनला वर बघवलं नाही.

मुकेश उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात होता. रविवार असूनही सुटी नव्हती. तो दारात आला, केसांत निळा धागा अडकलेला. राजरत्नचं बोलणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं.

"टायर नवे होते, हे मला माहीतच होतं," तो म्हणाला. "आनंदा मलाही दादा म्हणायचा. त्याच्या मैतीतून लोकांनी मला परत पाठवलं. तू बघत होतास."

"हो."

"आता जा."

दार त्याने आपटलं नाही. हळूच लावलं. आत मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

राजरत्न गटाराच्या कडेला बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला. येणारीजाणारी माणसं बघत होती. नूतन त्याच्या शेजारी उभी राहिली, त्याचं रडं ओसरेपर्यंत.

"चल," ती म्हणाली. "आता माझ्या घरी. बाबा असतील."

"नूतन... आज नको. तिथेही दार लावलं तर?"

तिने ओढणीने त्याचा चेहरा पुसला.

"लावतील," ती म्हणाली. "तेव्हा मी बाहेरच्या बाजूला असेन. तुझ्याकडे."