पाठमोरी

दिवे गेले होते. नातवंडं सरकत सरकत आजोबांना चिकटली, तसं त्यांनी सांगायला घेतलं.

माझा साडू मातीची माणसं करायचा. नाक नाही, डोळे नाहीत. लोक चेष्टा करायचे, नाक काढायचा आळस आहे म्हणायचे. तो म्हणायचा, “दुःख नाकात नसतं, पाठीत असतं.”

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शुक्रवारची रात्र, आभाळात चंद्र नाही. साडू एक मूर्ती पोचवायला निघाला. गावाबाहेरच्या शिंप्याची बायको वारली होती. त्या दिवशी दोघं नवरा-बायको भांडली, ती पाठ फिरवून बसली, हा तणतणत बाहेर पडला. परत आला तर ती गेलेली. “तशीच करून द्या,” शिंपी म्हणाला, “पाठमोरी, गुडघ्यांत मान घातलेली. माफी मागायचीय मला.”

साडूनं तशीच केली. भट्टीत खणखणीत भाजली, चादरीत गुंडाळली आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर आवळून बांधली.

पहिल्या वळणावर वजन कललं. गाडीवर बसायची सवय असलेलं माणूस कलतं ना, तसं. साडू थांबला. दोरी चाचपली. घट्ट होती.

पुढचं वळण. परत कललं.

त्यानं गाणं म्हणायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला गाणं तुटलं.

मग पाठीला काहीतरी टेकलं. गार.

त्यानं मागं बघितलं नाही. “वहिनी,” कसाबसा म्हणाला, “पोचवतो तुम्हाला...”

त्यानं गाडी पळवली.

मागं नुसतं वजन...

शिंप्याच्या दारात दिवा होता. दोघांनी मूर्ती उतरवली. चादर सोडली.

गुडघ्यांतली मान वर आली होती. भाजलेली माती... कुठं तडा नाही.

“ही रुसलेली नाही,” शिंपी पुटपुटला.

“मी अशी केली नव्हती हो.”

शिंप्याला ते ऐकूच गेलं नाही. तो तिच्यासमोर खाली बसला. “ऐकतेस ना?” एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. साडूनं चहासुद्धा घेतला नाही. स्कूटरला किक मारली ती थेट घरी.

माझ्या मेहुणीनं दार उघडलं. तो आत गेला, तशी ती मागून म्हणाली, “अहो, शर्टाला हे काय?”

खांद्यावर ठसा होता. मागून हात ठेवल्याचा. ओल्या मातीचा.

तळवा होता... अंगठा होता...

बोटं नव्हती. साडू मूर्तींना बोटं कधी काढायचाच नाही.