उत्तरेच्या भिंतीवरचा चेहरा

बर्गंडीतल्या त्या टेकडीवर चर्च उभं राहायला एकवीस वर्षं लागली. वेदी पूर्वेला, कारण उजाडतं तिकडून. आणि ऊन न पोचणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवर नरक कोरलेला. तिथल्या एका सैतानाला हेलविसच्या नवऱ्याचा चेहरा होता.

चुना ओला असतानाच कमानीचे लाकडी आधार काढायला थोरल्या मिस्त्रीने, तिएबोने, लावलं होतं. कमान तिच्या पाथरवट नवऱ्यावर, गोंबेरवर, कोसळली. तिएबोने खापर मेलेल्याच्याच माथी फोडलं, वर त्याला नरकात कोरलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

रविवारी बिशप चर्चला अभिषेक करणार होते. त्यानंतर एकाही दगडाला छिन्नी लावणं पाप. बुधवारी हेलविस तिएबोकडे गेली.

"मिस्त्री, तेवढा चेहरा तासून टाका. येणारे-जाणारे थुंकतात त्याच्यावर."

"थुंकू दे की. तू पुसतेसच ना रोज?" तिएबो हसला. "नरकालाही माणसं लागतात, बाई."

गुरुवारी ओल्या फडक्याने चेहरा पुसताना तिचा हात थबकला. डावी भुवई मधोमध तुटलेली होती. गोंबेरची तशी नव्हती.

शुक्रवारी हनुवटीला खळी पडली होती. खाली दगडाची भुकटी नव्हती, छिन्नीचा ताजा घावही नव्हता. तिने पुसायचं सोडून दिलं.

शनिवारी दुपारी सगळं गाव भिंतीपाशी येऊन हसून गेलं. मग तिएबो आला. खांद्याच्या उंचीवर त्याचाच चेहरा त्याच्याकडे बघत होता.

"कोणी केलं हे?"

"मला काय ठाऊक?" हेलविस म्हणाली.

"उद्या अभिषेक झाला की मी जन्मभर इथेच."

त्याने छिन्नी लावून घाव घातला. दगडी कानाची पाळी खाली पडली. तिएबोच्या टोपीखालून एक लाल ओघळ मानेवर उतरला. घाम समजून त्याने तो बाहीने पुसला.

हेलविसने ते पाहिलं. किती महिन्यांनी तिला आनंद झाला.

दुसरा घाव नाकपुडीवर बसला.

"कपची लागली वाटतं," ओठावरचं रक्त चाटत तो पुटपुटला. "असं नाही व्हायचं. मुंडकंच उडवतो."

त्याने छिन्नी दगडी गळ्यावर टेकवली.

"थांबा, मिस्त्री."

तो थांबला.

हेलविसने कमरेच्या पिशवीतून गोंबेरची छिन्नी काढली. कोणी ऐकलंच नाही तर आपणच चेहरा तासायचा, म्हणून तिने बुधवारी तिला धार लावली होती.

"ही घ्या," ती म्हणाली. "तुमची बोथट झालीय."